सावलीचा माग

मालवणच्या उत्तरेस, खाडीच्या मुखाशी, आचरा गाव वसलेले आहे. रामेश्वराचे देवालय, माडापोफळींच्या बागा, जांभ्या दगडाचे गडगे आणि पिरावाडीच्या पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या असा या गावाचा थाट. किनारा पश्चिमेकडे उघडा असल्यामुळे सूर्यास्त म्हणजे तेथील मुलांचा रोजचा शेजारी. शेजाऱ्याकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही. ‘सूर्य पूर्वेस उगवतो आणि पश्चिमेस मावळतो’ हे वाक्य लहानपणी एकदा पाठ झाले की तो विषय संपला, अशीच बहुतेकांची समजूत असते.

परंतु एखादा चौकस मुलगा पुळणीवर एकाच जागी उभा राहून वर्षभर मावळता सूर्य पाहील, तर ते वाक्य अपुरे आहे हे त्याच्या ध्यानात येईल. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य त्याच्या डाव्या हाताला, नैर्ऋत्येच्या अंगाला बुडतो. मग तो हळूहळू उजवीकडे सरकू लागतो. होळीच्या आगेमागे, २१ मार्चच्या सुमारास, तो नेमका पश्चिमेस येतो. आणि कलमांवरून आंबे उतरवण्याची घाई चालू असते त्या मे महिन्यात तो वायव्येकडे चांगलाच झुकलेला असतो. दक्षिणेकडील टोकापासून उत्तरेकडील टोकापर्यंतचे हे अंतर आचऱ्याहून पाहता सुमारे ४९ अंश भरते. हात ताठ पुढे धरून मूठ आवळली, तर तिच्याआड साधारण १० अंश झाकले जातात. म्हणजे क्षितिजावर एकीला एक लावून धरलेल्या पाच मुठी, एवढी ही वाट. ती चालून जाण्यास सूर्याला सहा महिने लागतात आणि परतण्यास सहा. मार्चमध्ये त्याची चाल चपळ असते. आज मावळला तेथून उद्या तो आपल्या बिंबाच्या रुंदीहून थोडाच कमी सरकतो. टोकापाशी मात्र तो इतका रेंगाळतो की, आठवडाभर जागचा हललाच नाही असे वाटावे.

डोंगराळ मुलखातील माणसाला ही वाट ध्यानात ठेवणे सोपे जाते. अमुक शिखरामागे सूर्य गेला की थंडीचा कडेलोट, तमुक खिंडीत आला की पेरणीची तयारी, अशा खुणा त्याला आयत्या सापडतात. समुद्रावर खूण कशाची करणार? होडी जागेवर राहत नाही आणि लाट थांबत नाही. तशात जून उजाडला की सूर्यच दिसेनासा होतो. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने समुद्राकडे पाठ करून सावलीकडे पाहावे, हेच बरे. सावली घराशी येते, ती मोजता येते, आणि तिच्या टोकाशी खुंटी ठोकता येते.

मालवणी मुलखात घरापुढील सारवलेल्या अंगणाला खळे म्हणतात. अशा खळ्यात १०० सेंटिमीटर उंचीची काठी उभी रोवली, तर तिची मध्यान्हीची सावली वर्षभरात काय करते हे पाहण्यासारखे आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास ती काठीच्या उत्तरेस ८३ सेंटिमीटर पसरते. मार्चच्या २१ तारखेस ती २९ सेंटिमीटरवर येते. पुढे ती आणखी आखडत जाऊन ५ मेच्या सुमारास काठीच्या पायाशी गोळा होते. त्या दुपारी उभा खांब, उभी विहिरीची कड, उभा माणूस, कोणाचीच सावली बाजूला पडत नाही. कारण सूर्य नेमका माथ्यावर आलेला असतो. आणि मग एक नवल घडते. सावली पुन्हा वाढू लागते, पण यावेळी दक्षिणेकडे! २१ जूनला ती दक्षिणेस १३ सेंटिमीटर गेलेली असते. तेथून ती माघारी फिरते, ७ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा एकदा नाहीशी होते आणि नंतर उत्तरेची वाट धरते. दिल्लीच्या मुलाला हे दृश्य आपल्या गावी कधीच दिसणार नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस राहणाऱ्यांनाच ते लाभते.

शेतकरी हे सारे जाणत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे तो बोटांवर मोजतो, ती वस्तुतः सूर्याची नक्षत्रे आहेत. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तो दिवस जूनच्या ७ किंवा ८ तारखेस येतो आणि कोकणात ‘मिरग’ निघाला असे म्हणतात. चंद्राच्या तिथ्या मागेपुढे होतात. मिरग फारसा हलत नाही. भात पेरणारा माणूस चंद्राच्या पंचांगाने सण करतो आणि सूर्याच्या वाटेने नांगर धरतो. दोहोंत त्याला कधी विसंगती वाटली नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

तथापि सूर्य कोठे वळतो, नेमक्या कोणत्या दिवशी वळतो, हा प्रश्न नांगर धरण्याहून अवघड आहे. टोकाशी तो रेंगाळतो हे वर सांगितलेच. डिसेंबरच्या १५ तारखेची सावली आणि २२ तारखेची सावली यांत १०० सेंटिमीटरच्या काठीला अवघा अर्धा सेंटिमीटर फरक पडतो. त्यातच सावलीचे टोक पुसट असते. सूर्य हा बिंदू नव्हे, ते एक रुंद बिंब आहे. त्याच्या वरच्या कडेने पडलेली सावली एका ठिकाणी संपते, खालच्या कडेने पडलेली दुसऱ्या ठिकाणी. या दोहोंमधील धूसर पट्टा डिसेंबरात सेंटिमीटरभर रुंद होतो. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक सेंटिमीटरभर धुक्यात शोधायचा, असा हा पेच आहे. वळणाचा दिवस डोळ्यांना दिसत नाही.

तो कसा काढावा, याचे एक सुंदर उदाहरण आचऱ्याहून फार दूर नाही. घाट चढून कोल्हापुरास गेले की महालक्ष्मीचे प्राचीन मंदिर लागते. अंबाबाई या नावानेच ते लोकांना अधिक परिचित आहे. देवीचे मुख पश्चिमेकडे. वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरतात, गरुडमंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यातील मूर्तीला स्पर्श करतात. परंपरेने या सोहळ्याचे दिवस ठरलेले आहेत : नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखा, आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी किरण चरणांपाशी पोहोचतात, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागी, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. याला किरणोत्सव म्हणतात, आणि तो पाहण्यासाठी हजारो लोक जमतात.

या तारखा जरा मोजून पाहाव्यात. १० नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ८३ दिवस होतात. त्यांचा मध्य साडेएक्केचाळीस दिवसांनी, म्हणजे २१ आणि २२ डिसेंबर यांच्या मधोमध येतो. तोच सूर्याच्या वळणाचा काळ! दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या रेषेवर मावळतो, त्याच रेषेवर तो परतताना पुन्हा मावळतो. तेव्हा जाण्याचा आणि येण्याचा दिवस ठाऊक असला की मधले वळण आपोआप हाती येते. ते स्वतः दिसावे लागत नाही. गर्दीत उभ्या असलेल्या कितीजणांनी बोटे मोजली असतील कोण जाणे. पण मंदिराची ती वाट मात्र वर्षानुवर्षे हा हिशेब मांडीत आली आहे.

अर्थात दगडाची वास्तू एकदा उभी राहिली म्हणजे काम संपले, असे होत नाही. काही वर्षी ढग आड येतात, काही वर्षी हवेतील धूळ व बाष्प किरण फिके करते; आणि शहर वाढले तशा किरणांच्या वाटेत इमारतींच्या कडा येऊ लागल्या. किरण मध्येच, कमरेशी किंवा चरणांशी, थबकल्याच्या बातम्या त्यामुळे अधूनमधून येतात. म्हणून कोल्हापुरातील महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या दिवसांत मंदिरात जाऊन किरण किती वाजता कोठे पोहोचला, त्याची प्रखरता किती होती, हे मोजून टिपून ठेवतात, आणि वाटेतील अडथळे कोणते ते दाखवून देतात. बांधणारे हात शतकांपूर्वीचे, राखणारे आजचे.

सूर्याची वाट दगडात बांधून ठेवण्याचा हा ध्यास आपल्याच देशापुरता नाही. इंग्लंडमध्ये स्टोनहेंज नावाचे एक प्रचंड दगडी रिंगण आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी तेथे मोठमोठ्या शिळा आणून उभ्या केल्या. त्यांतील मोठ्या शिळा सरासरी २५ टन वजनाच्या असून सुमारे २५ किलोमीटरवरून आणलेल्या आहेत. चाक जुंपलेली गाडी त्या लोकांकडे होती असे दिसत नाही; दोर, लाकडाचे ओंडके आणि माणसांचे खांदे हेच त्यांचे साहित्य असावे. त्या रिंगणाचा अक्ष जूनमधील वळणाच्या सूर्योदयाकडे आणि त्याच्या विरुद्ध अंगास डिसेंबरमधील वळणाच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. ज्यांनी शिळा ओढल्या त्यांना लिहिता येत नव्हते. शिळा ओढण्यापूर्वी कोणीतरी, बहुधा अनेक वर्षे, सूर्याच्या जागा खुणांनी धरून ठेवल्या असल्या पाहिजेत. त्या पहिल्या खुंट्या लाकडाच्या असतील; त्या कधीच कुजून गेल्या.

भारतात हा उद्योग विद्येच्या आधाराने आणि राजाच्या खर्चाने झाला तो अठराव्या शतकात. जयपूरचा सवाई जयसिंह (१६८८–१७४३) याच्या असे ध्यानात आले की, पंचांगकर्ते ज्या कोष्टकांवरून ग्रहांची गणिते करीत, ती कोष्टके आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसत नाही. गणित एक सांगे आणि आकाश दुसरेच दाखवी. त्याने दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. पितळेची लहान यंत्रे वापराने झिजतात, त्यांचे आस सैल होतात आणि त्यांवर बारीक विभाग कोरता येत नाहीत, म्हणून त्याने चुना व दगड यांची भव्य यंत्रे बांधली. जयपूरच्या सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे, आणि त्याची सावली डोळ्यांदेखत सेकंदाला एक मिलिमीटर या गतीने चालते. मथुरेची वेधशाळा आता उरलेली नाही.

उज्जैनची उरली, परंतु तीही मोठ्या दुर्दशेतून. जयसिंहाच्या पश्चात तिचा वापर थांबला आणि दीर्घकाळ ती पडझडीत राहिली. पुढे उज्जैन शिंद्यांच्या राज्यात आले होते. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार करविला. या वेधशाळेचे काम पाहणारे ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांनी जुन्या यंत्रांची नुसती राखण करण्यात समाधान मानले नाही. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९३७ मध्ये तेथे एक नवे यंत्र बांधले गेले. त्याचे नाव शंकुयंत्र. थोर सम्राट यंत्राशेजारी ते अगदीच साधे दिसते : एक वर्तुळाकार सपाट ओटा आणि त्याच्या मध्यभागी उभा शंकू. येणारे जाणारे उंच भिंतीपुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि शंकूजवळून पुढे जातात. पण वर्षाची कथा सांगावी ती या ओट्यानेच. त्यावर सात रेषा काढलेल्या आहेत. सूर्य बारा राशींतून जाताना सावलीचे टोक दिवसभरात ज्या ज्या मार्गाने सरकते, ते मार्ग त्या रेषा दाखवितात. दोन टोकांच्या रेषा वळणाच्या दिवसांच्या. मधल्या पाच रेषांवरून सावली वर्षातून दोनदा जाते, एकदा जाताना आणि एकदा येताना. सातांपैकी ठीक मधली रेषा मार्च व सप्टेंबर महिन्यांतील समान दिनरात्रीची. तेवढी एकच सरळ आहे, बाकीच्या सहा वाकलेल्या. उज्जैनचे अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे ते नगर कर्कवृत्ताच्या अगदी कुशीत. त्यामुळे २१ जूनच्या दुपारी तेथील शंकूची सावली जवळजवळ लोप पावते.

या गोष्टीला पंचांगाचीही एक बाजू आहे. उत्तरायण म्हटले की आठवते ती मकर संक्रांत, जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेची. परंतु खळ्यातील काठीला विचारले, तर ती उत्तरायण २२ डिसेंबरलाच सुरू झाल्याचे सांगेल. कारण सावली आखडू लागते ती तेव्हापासून. ही तफावत ताऱ्यांच्या आधारे राशी मोजण्यामुळे उत्पन्न होते, आणि सुमारे ७० ते ७२ वर्षांत एका दिवसाने वाढते. कोकणच्याच किनाऱ्यावर, दापोलीजवळच्या मुरूड गावी, १८५३ मध्ये जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर अभ्यास केला. ते व्यवसायाने शिक्षक होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अवघ्या दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, ते निवर्तले. पंचांग प्रत्यक्ष सूर्याशी जुळावे असा त्यांचा आग्रह होता. स्वतंत्र भारताने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचा चैत्र समान दिनरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि तिच्या गणितासाठी अक्षांश घेतले आहेत ते उज्जैनचे.

आता हेच यंत्र आचऱ्यास उभारायचे ठरले, तर काय काय लागेल? उज्जैनच्या रेषांची नक्कल उपयोगाची नाही. आचऱ्याचे अक्षांश सुमारे १६ अंश १२ कला. तेथील सावली निराळी, तेव्हा रेषाही निराळ्या. त्या गावाने स्वतः, वर्षभर खपून, आपल्या सूर्याकडून काढून घ्याव्या लागतील.

सामग्री फार नाही. शेणाने सारवलेले खळे दरवर्षी पावसाळ्यानंतर नव्याने करावे लागते, त्यामुळे त्यावरील खुणा टिकणार नाहीत. चिऱ्यांचा चौथरा बांधून त्याला गिलावा करणे इष्ट. चौथरा सपाट हवा, आणि पाणी भरलेल्या नळीने गवंडी ती पातळी चटकन काढून देईल. खांबासाठी पोफळीचा सोट मनात येतो, कारण तो सरळसोट. पण उन्हापावसात तो वाकेल, लोखंडी नळच बरा. तो उभा आहे की नाही हे ओळंब्याने चारी बाजूंनी पाहावे. माथ्यावर पत्र्याची चकती बसवून तिला एक बारीक भोक पाडले, म्हणजे सावलीच्या मध्ये उन्हाचा लहानसा कवडसा पडतो. पुसट टोकाऐवजी या कवडशाच्या मध्याशी खूण केली की तो सेंटिमीटरभर धुक्याचा पेच बराच सुटतो.

उत्तर दिशा काढण्यासाठी होकायंत्राची गरज नाही. खांबाभोवती दोरीने एक वर्तुळ काढावे. काथ्याचा सुंभ ताणला की लांबतो, म्हणून दोरी न ताणणारी घ्यावी. सकाळी सावलीचे टोक जेथे वर्तुळाला स्पर्शून आत येईल तेथे एक खूण, दुपारनंतर जेथून ते बाहेर जाईल तेथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी दिशा काढण्याची हीच रीत सांगितली आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ ती चालत आली, कारण तीत चुकण्याजोगे फार थोडे आहे.

मध्यान्ह ओळखताना मात्र घड्याळावर विसंबू नये. भारताची वेळ ८२ अंश ३० कला रेखांशावरून ठरते आणि आचरा त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. म्हणून तेथे सूर्य मध्यावर येतो तो सरासरीने १२ वाजून ३६ मिनिटांनी. तेही रोज सारखे नाही. नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २० मिनिटांनीच मध्यान्ह होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५० मिनिटे होतात. रोज घड्याळाच्या एकाच ठोक्याला खूण करीत गेले, तर वर्षअखेर त्या खुणांची सरळ रेघ न होता इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी लांबट आकृती होते. तीही मोठी मौजेची असते. पण सावलीची लांबी मोजायची तर सावली उत्तर-दक्षिण रेषेवर येईल तोच क्षण धरावा.

खरी कसोटी आहे ती पुढे. चौथरा श्रमदानाने दोन रविवारांत उभा राहील. चिरे वाहण्यासाठी माणसे मिळतात, कारण त्यात गंमत असते, गप्पा असतात आणि संध्याकाळी काम झालेले दिसते. खुणा करण्याच्या कामात असे काहीच नाही. भर दुपारी, जेवण मागे ठेवून, एका माणसाने चौथऱ्याशी जायचे, कवडसा रेषेवर येईपर्यंत पाच मिनिटे उभे राहायचे, एक पितळी खिळा बसवायचा आणि तारीख वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका घराला हे वर्षभर जमणार नाही. एखाद्याच्या घरी लग्न निघते, कोणी आजारी पडते, कोणाला मालवणच्या बाजारास जावे लागते. तेव्हा वाडीवाडीने पाळ्या लावणे आले, आणि पाळी चुकली तर शेजाऱ्याने ती धरणे आले.

त्यातून आचऱ्याची एक आगळी अडचण आहे. काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल झाला की, अख्खे गाव गुरेढोरे, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस तीन रात्री माळावर झोपड्यांत राहते. हीच प्रसिद्ध गावपळण. चुली थंड, दारे बंद, गावात चिटपाखरू नाही. ती बहुधा हिवाळ्यात येते, म्हणजे नेमकी सूर्य दक्षिणेच्या टोकाशी रेंगाळत असेल अशा वेळीही येऊ शकते. त्या तीन दुपारी कवडसा चौथऱ्यावर येईल, रेषा ओलांडील आणि निघून जाईल. खूण करणारा कोणी नसेल. परतल्यावर कोणालाही मोह होईल की, आधीचा खिळा येथे, नंतरचा तेथे, मग मधले तीन अंदाजाने बसवून टाकावेत. दिसायलाही ते नीट दिसतील. पण अंदाजाचा खिळा आणि पाहून बसवलेला खिळा पुढे वेगळे ओळखता येत नाहीत, आणि जयसिंहाला ज्या कोष्टकांनी फसवले त्यांचा आरंभ असाच कोठेतरी झाला असेल. जागा रिकामी ठेवावी आणि वहीत ‘गावपळण’ असे लिहावे. हिशेब त्याने अडत नाही. नोव्हेंबरमधील खुणा आणि जानेवारी-फेब्रुवारीमधील खुणा यांच्या जोड्या लावून, किरणोत्सवाच्या तारखांप्रमाणेच, वळणाचा दिवस काढता येतो.

उन्हाळ्यातील वळणाची गोष्ट अधिक कठीण. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सावली नाहीशी होते तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते आणि शाळेला सुटी असते. त्या दिवसांत पाळीवाल्यांची वाण पडू नये. पुढचे चार आठवडे सावली दक्षिणेकडे इंच इंच सरकते. मग मिरग येतो. आषाढभर चौथऱ्यावरून पाणी वाहते, खांबावरून थेंब ओघळतात, आणि २१ जून केव्हा आला नि केव्हा गेला हे कोणालाच कळत नाही. सूर्य ढगांच्या पलीकडे आपले वळण घेऊन माघारी निघालेला असतो.

आषाढ सरून श्रावण लागण्याच्या सुमारास ढगांची फळी फाटू लागते. एखाद्या दुपारी अचानक लख्ख ऊन पडते, पाचदहा मिनिटे टिकते आणि पुन्हा सर येते. ती वेळ चौथऱ्याशी हजर असलेल्याची. ती तारीख ७ ऑगस्ट असली पाहिजे असे मुळीच नाही. समजा, १० ऑगस्टला ऊन मिळाले. तर त्या दिवशीचा कवडसा उत्तर बाजूस जेवढा पडेल, तेवढाच तो मे महिन्यातही कोणत्या तरी दुपारी पडलेला असणार, आणि ती दुपार २ मेची. २ मेपासून १० ऑगस्टपर्यंत दिवस होतात १००. निम्मे ५० मोजले की २१ जून हाती येतो, कोणीही न पाहिलेला. मात्र त्यासाठी २ मेच्या जागी खिळा असायला हवा. नसला, तर भिजलेला चौथरा पुसून, वहीत १० ऑगस्टची नोंद करून, पुढच्या मे महिन्याची वाट पाहायची.